खालचा थर

चिखल्यातल्या एका चिकूच्या वाडीत एक आजी आणि तिचा नातू राहत होते. त्यांना नावं द्यायची गरज नाही, बोधकथेत माणसाला नातं पुरतं. गावाचं नाव मात्र सांगायलाच हवं, कारण हे फळ जिथं पिकत नाही अशा गावात ही गोष्ट घडलीच नसती.

डहाणूहून किनाऱ्याकिनाऱ्यानं बोर्डीकडे निघालं की नरपड लागतं, मग चिखले, मग घोलवड. डाव्या हाताला सुरूची रांग आणि तिच्यामागे समुद्र. ओहोटी लागली की पाणी इतकं लांब जातं की किनाऱ्यावर उभ्या माणसाला लाटेचा आवाजही नीट येत नाही. उजव्या हाताला वाड्या. घोलवडात १८९८ साली चिकूचं झाड लागलं आणि तिथून हे झाड आजूबाजूच्या गावांत पसरलं. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे या मातीतल्या चिकूची गोडी वेगळी आहे, हे सरकारदरबारी नोंदलं गेलं. खोक्यावर घोलवडचं नाव दिसलं की दूरच्या बाजारातला माणूस फार चौकशी करत नाही. नावावर विश्वास ठेवतो आणि पैसे मोजतो.

आजीच्या देवघरात विठोबाची वीतभर मूर्ती होती. सत्तरी उलटली तरी ती पंढरपूरला एकदाही गेली नव्हती. आषाढीला पावसाची झोड असायची, कार्तिकीला तोडणी सुरू व्हायची. शेजारणी म्हणायच्या, एकदा तरी जाऊन ये. आजी म्हणायची, "आपली महालक्ष्मी नाही का मुसळ्या डोंगरावरून खाली आली? पोटुशी बाई डोंगर चढू शकत नव्हती, तर देवीच विवळवेढ्याला उतरली. देवाला पाय आहेत, गं."

सावता माळ्याची गोष्टही ती अशीच सांगायची. सोलापूरकडच्या अरण गावचा हा माळी पंढरीला न जाता मळ्यात राबत राहिला आणि पांडुरंगच त्याच्याकडे आला. १२९५ साली सावतोबांनी अरणलाच समाधी घेतली. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना आवडते, कारण तिच्यातून एक सवलत काढता येते. देव कामातच आहे, मग देवळात कशाला जा? आजीनं त्या गोष्टीतून सवलत घेतली नव्हती. ती म्हणायची, "वारी केली की वर्षाची सुटका होते. सावतोबांच्या वारीला सुटका नाही. ती रोजच्या रोज."

तिचा एक नेम होता. तोडणी होऊन खोकी भरली की रात्री एका खोक्यात हात घालून अगदी तळातले पाच चिकू ती काढून घ्यायची आणि त्यांच्या जागी दुसरे पाच ठेवायची. काढलेले चिकू तांदळाच्या डब्यात पुरायची. पिकतील तसा एकेक विठोबापुढं. आजोबा होते तेव्हापासूनचा हा नेम. आजोबांनी त्यावर कधी काही विचारलं नव्हतं. खोकी तेच भरायचे, तेव्हा त्यांना ठाऊक असणार.

नातवाला ठाऊक नव्हतं. तो वापीकडे एका कारखान्यात होता. तिथलं काम सुटलं, तसा घरी आला आणि वाडी पाहू लागला. मुलगा कष्टाळू होता. पहाटे उठायचा, पाण्याच्या पाळ्या चुकवायचा नाही, आजीची औषधं आणायचा. त्यानं एकदा आजीला खोकं उघडताना पाहिलं आणि म्हणाला, "आजी, भरलेलं खोकं कशाला विस्कटतेस? वरचे घे की. मोठे आहेत."

"मला तळातला लागतो," आजी म्हणाली.

म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून त्यानं सोडून दिलं.

आता चिकूबद्दल थोडं सांगतो, कारण या गोष्टीतला अर्धा उपदेश चिकूच करतो. चिकू झाडावर पिकत नाही. झाडावर तो फक्त तयार होतो. तयार झालेला चिकू तोडून ठेवला की पाच-सहा दिवसांत मऊ होतो, गोड होतो. तयार न झालेला तोडला तर तो पिकण्याचं नुसतं सोंग करतो. साल सुरकुतते, पण आतला गर रबरासारखा राहतो आणि त्यातला चीक ओठांना चिकटतो. गंमत अशी की झाडावर असताना दोघं सारखेच दिसतात. दोघंही तपकिरी, दोघंही कडक. आंबा रंगानं सांगतो, पेरू वासानं सांगतो. चिकू आपण होऊन काही सांगत नाही, त्याला विचारावं लागतं.

ते विचारण्याची विद्या वाडीत तोडणीला येणाऱ्या एका म्हाताऱ्या वारली काकांकडे होती. आजोबांच्या वेळेपासूनचे ते. चिकानं त्यांची बोटं कायमची काळवंडलेली होती. फळ हातात आलं की आधी ते अंगठा फिरवून बघायचे. तयार चिकूच्या अंगावरचा बारीक भुसा आपसूक झडतो. मग नखाची एक हलकी रेघ सालीवर. रेघ हिरवी उमटली तर फळ अजून झाडाचं आहे. पिवळसर उमटली तर आपलं. एका फळाला एक श्वास इतकाच वेळ लागायचा, पण काका तो प्रत्येक फळाला द्यायचे. त्यांचे देव वेगळे. घरात नवा भात आला की आधी तो देवांना दाखवायचा आणि मगच आपण खायचा, ही त्यांच्याकडची रीत. विठोबाशी त्यांचा फारसा परिचय नव्हता.

त्या वर्षी पाऊस लांबला. कार्तिक उजाडला तरी फळ मागं होतं, बाजारात माल कमी आणि भाव चढा. व्यापाऱ्याचा फोन आला. या आठवड्यात वीस खोकी दिलीत तर असा भाव, पुढच्या आठवड्यात सगळ्यांचाच माल येईल, मग कसला भाव? नातवानं झाडं पाहिली. तयार फळ दहा खोक्यांचं होतं.

तो काकांना म्हणाला, "काका, आज सगळंच उतरवा."

काकांनी एका चिकूवर रेघ ओढून त्याच्यापुढं धरली. "दादा, हिरवा आहे. आठ दिवस द्या त्याला."

"आठ दिवसांनी भाव राहणार नाही."

काका काही बोलले नाहीत. सांगितलं तसं उतरवलं. मात्र हिरव्या रेघेची फळं त्यांनी वेगळ्या टोपलीत ठेवली. मिसळायची असली तर ज्यानं त्यानं आपल्या हातानं मिसळावीत.

रात्री नातू ओट्यावर खोकी भरायला बसला. हिरव्या टोपलीतली फळं त्यानं आधी ओल्या गोणपाटावर चोळली. जो भुसा आठ दिवसांनी आपोआप झडला असता, तो हातानं काढला. आता कच्चं आणि तयार यांत डोळ्यांना फरक उरला नाही. तळाला कच्ची, मध्ये मध्यम, वर तळहातात मावणार नाहीत अशी टपोरी. खोकं बंद, दोरी, पुढचं खोकं. कंटाळा येऊ नये म्हणून त्यानं मोबाइल एका भरलेल्या खोक्यावर ठेवला होता आणि त्यावर हरिपाठ लावला होता. आवाज सुरेख होता. तोही मधूनमधून साथ देत होता. एकादशी पाच दिवसांवर आली होती. हातानं तळाचा थर लावत होता आणि तोंडानं हरीचं नाव घेत होता, आणि या दोन्हीत काही विसंगत आहे असं त्याला वाटलं नाही. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आपल्यापैकी किती जणांचं नाम आणि काम असंच एका ओट्यावर, एकमेकांकडे न बघता चाललेलं असतं!

तो झोपल्यावर आजी उठली. खोकं उघडलं, दोन थर बाजूला केले, तळात हात घातला. हाताला फळ लागलं तशी ती थांबली. बोटांना कळलं होतं, तरी तिनं दिव्याजवळ नेऊन नख लावलं. हिरवं. दुसऱ्याला लावलं. हिरवं. पाचही तशीच.

तिनं नातवाला हाक मारली नाही. ते पाच चिकू तांदळाच्या डब्यात पुरले आणि अंथरुणावर जाऊन बसली. पहाटे टेम्पो आला आणि वीस खोकी गेली.

कार्तिकी एकादशीला संध्याकाळी नेहमीप्रमाणे आजीच्या ओटीवर भजन होतं. दहा-बारा माणसं जमली. पेटी, मृदंग, टाळ. काकाही आले होते, पायरीवर बसले होते. हरिपाठ झाला, दोन अभंग झाले, आणि आजीनं तांदळाचा डबा आणून विठोबापुढं उघडला. पाच चिकू निघाले. साली सुरकुतलेल्या. तिनं सुरीनं एक कापला, तर सुरी गरात अडकली. कडेला पांढरा चीक आला. नातू टाळ घेऊन बसला होता, त्यानं ते पाहिलं. आजीनं पाचही चिकू तसेच कापले, वर तुळशीचं पान ठेवलं, डोळे मिटून नैवेद्य दाखवला आणि मग प्रसाद वाटला. एक फोड स्वतः खाल्ली.

पुढचा अभंग सुरू व्हायला वेळ लागला. बुवांनी ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. मृदंगवाल्यानं रुमाल काढला. प्रसाद थुंकायचा कसा, म्हणून मोठी माणसं गिळून गप्प बसली. शेजारचा पाच-सहा वर्षांचा पोरगा मात्र बाहेर जाऊन थुंकला आणि परत येऊन मोठ्यानं म्हणाला, "आजी, हा चिकू खोटा आहे."

लोक हसले. नातू हसला नाही.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "आजी, घरात चांगले चिकू होते. मी तुझ्यासाठी मुद्दाम बाजूला ठेवले होते. देवाला हे का दाखवलेस?"

आजी ओटी झाडत होती. ती म्हणाली, "मी कुठं दाखवले? तू दाखवलेस. खोकी भरलीस तेव्हाच नैवेद्य झाला. मी आज नुसतं पान ठेवलं."

मग झाडू ठेवून ती त्याच्याजवळ बसली. "तळातला चिकू मी का घेते, विचारलं होतंस. माझ्या सासूनं सांगितलेलं. म्हणाली, गिऱ्हाइकाला जो जाणार तोच विठोबाला ठेवायचा, त्याच्यासाठी वेगळा निवडायचा नाही. वेगळा निवडला की आपणच म्हटल्यासारखं झालं, की देव या मूर्तीत आहे आणि खाणाऱ्यात नाही. आपली वीस खोकी दिल्लीला पोचली असतील. तिथंही आज एकादशी आहे, बाळा. तिथंही कुणी दिवसभर उपाशी राहून आत्ता आपला चिकू कापला असेल. माहेरवाशिणीपुढं ठेवला असेल. तिचेही ओठ चिकटले असतील."

नातू गप्प होता. मग आजी जे बोलली ते मला या सगळ्या गोष्टीत मोलाचं वाटतं. बोधकथेतल्या आज्या सहसा चुकत नाहीत. ही म्हणाली, "माझंही चुकलं. त्या रात्री नख लावलं तेव्हाच मला कळलं होतं. तुला उठवायला हवं होतं. पण तू नोकरी जाऊन आलेला, त्या रात्री दमून झोपलेला. माझ्यानं हाक मारवली नाही. मायेपायी वीस घरांत कच्चं फळ जाऊ दिलं. म्हणून मीही खाल्लं."

पायरीवर काका अजून बसलेले होते. नातू उठून समुद्राकडे गेला. ओहोटी होती. चांदण्यात ओली वाळू दूरवर चमकत होती आणि पाणी कुठं आहे ते दिसत नव्हतं. तो मनातल्या मनात हिशेब करत राहिला. खोक्याचा भाव तळ बघून ठरत नाही. सगळेच असं करतात. एकट्यानं सरळ राहून काय मिळणार? हे सगळे प्रश्न खरे होते. शेती करणाऱ्याला हे प्रश्न पडतात म्हणून तो वाईट ठरत नाही. त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. फक्त ओठ अजून चिकट होते.

सकाळी त्यानं व्यापाऱ्याला फोन केला. म्हणाला, तळाचा थर कच्चा आहे, तेवढे पैसे कापून घ्या. व्यापारी थोडा वेळ काही बोललाच नाही. इथं गोष्ट सांगणारे बहुतेक जण व्यापाऱ्याला गहिवर आणतात, तो पैसे दुप्पट देतो आणि आयुष्यभराचा सौदा जुळतो. मला तसं सांगता येत नाही. व्यापाऱ्यानं पैसे कापले, एका थराऐवजी दोन थरांचे कापले, आणि पुढच्या खेपेला भावही पाडून मागितला. त्या वर्षी वाडीत नवा पंप बसला नाही. खरेपणाचं फळ लगेच हातात येतं असं शिकवणारी गोष्ट मुलांना सांगू नये. पहिल्यांदा ते आलं नाही की मुलं खरेपणाच सोडतात.

पुढच्या तोडणीला नातू काकांच्या शेजारी उभा राहिला. "काका, मला शिकवा."

काकांनी एक फळ त्याच्या हातावर ठेवलं. "अंगठा फिरवा. आता नख. जोरात नाही, दादा. त्याला दुखवायचं नाही, विचारायचं आहे."

पहिल्या दिवशी त्यानं कितीतरी फळं बिघडवली. रेघ खोल गेली, कुठं हिरव्याला पिवळं समजला. काका त्याचं प्रत्येक फळ पुन्हा तपासत होते. दुपारी सावलीत बसलेले असताना भजनातले बुवा रस्त्यानं चालले होते, ते आत आले. नातवानं त्यांना विचारलं, "बुवा, गीतेत देव म्हणतो ना, पान, फूल, फळ, पाणी, भक्तीनं काहीही द्या, मला चालतं? मग कच्चा चिकू का चालू नये?"

बुवा नवव्या अध्यायावर बोलू लागले असते, पण त्यांचं लक्ष काकांच्या हाताकडे गेलं. काका टोपलीतलं एकेक फळ उचलत होते, रेघ ओढत होते, ठेवत होते. बुवा पुष्कळ वेळ ते बघत राहिले.

"शबरीनं काय केलं होतं रे?" त्यांनी विचारलं.

"बोरं उष्टी केली."

"का?"

"गोड आहेत का बघायला. आंबट रामाला जाऊ नये म्हणून."

"सगळी चाखली की वरची दोन?"

नातवानं काकांकडे पाहिलं. काकांना हे बोलणं आपल्यावरून चाललं आहे याची कल्पनाही नव्हती. त्यांनी एक फळ बाजूला टाकलं, नख धोतराला पुसलं आणि पुढचं उचललं.

"जवळचं काही असेल तर चालतं, असं देव म्हणतो," बुवा म्हणाले. "गरीब आहे म्हणून पानच आणलंस तर चालतं. पण टोपलीत गोड असताना आंबट वेगळं काढून त्याच्या वाट्याला लावलंस, तर ते पान-फूल नव्हे. ते त्याला नाही चालत." एवढं बोलून ते उठले. त्यांना घोलवडला गाडी गाठायची होती.

दोन वर्षं गेली. नातवाचा अंगठा काळवंडला. आता त्याचं नख चुकत नव्हतं. खोकी भरताना कधी हरिपाठ लावायचा, कधी नाही. व्यापारी बदलला होता. नवा व्यापारी आधी तळ बघायचा आणि मग वरचं, ती त्याची रीत होती. भाव साधाच मिळायचा. पंप तिसऱ्या वर्षी बसला.

कार्तिकीच्या आधीच्या त्या आठवड्यात पुन्हा ओट्यावर खोकी लागली होती. रात्र झाली. आजी आली तसा नातू उठला आणि तिनं सांगायच्या आधीच एका खोक्याची दोरी सोडली. वरचा थर उचलून बाजूला ठेवायला लागला.

"राहू दे रे," आजी म्हणाली. "आता वाकवत नाही मला. वरचेच दे पाच."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती हात पुढं करून उभी होती. त्यानं वरचे पाच चिकू एकेक करून तिच्या पदरात ठेवले. तिनं नख लावलं नाही. पदराची गाठ सावरत ती स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.